सहज केला होता फोन

माझ्या सासूबाईंचा मोबाइल त्या गेल्यानंतरही आमच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांशेजारी चार्जिंगला लावलेला असतो. यात भावनेचा भाग थोडा आणि आळसाचा जास्त. विजेचं मीटर, पाण्याचं मीटर, घरपट्टी, सगळं त्यांच्या नंबराला जोडलेलं. नंबर बदलायचा तर आधी त्यांच्याच फोनवर ओटीपी येणार, मग त्यांचा अंगठा लागणार, आणि अंगठा आता कुठून आणायचा? म्हणून फोन चालू. अधूनमधून तो थरथरतो, मी जाऊन आकडे वाचते, आणि विमल भगवान मेंढे या नावानं नागपुरात वीज वापरली जात राहते.

त्या होत्या तेव्हा हा फोन दिवसभर कामात असे. विमलआई कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये फोन करायच्या. मी कुठल्यातरी पुलावर कमरेला दोर बांधून उभी, माझा नवरा सुगत विमानतळावर मालवाहू विमानांच्या गोंधळात, आणि आईंचा फोन. काय झालं आई? काही नाही, सहज केला होता. मग थोडा वेळ त्या नुसत्याच फोनवर असायच्या, मागे कुकर फुसफुसत असायचा. सुगत वैतागायचा. मीही वैतागायचे, फक्त सून असल्यामुळे मनातल्या मनात.

मी उत्पला. नद्यांचं पाणी मोजणाऱ्या सरकारी खात्यात नोकरीला आहे. मला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. अगदी लहान असताना डॉक्टरांनी माझ्या कवटीत एक यंत्र बसवलं. त्याचा बाहेरचा भाग मी कानावर लावते तेव्हा ऐकू येतं. तो काढून डबीत ठेवला की जग बंद. लग्नानंतर विमलआईंना याचा फार हेवा वाटायचा. शेजारच्या लग्नात बँड सुरू झाला की त्या म्हणायच्या, बरं आहे बाई तुझं.

सुगतची आणि माझी ओळख झाली ती फुलझेले काकूंच्या बैठकघरात. जरीपटक्यात पिठाच्या गिरणीच्या वर एक लांबट खोली, चटया, पांढऱ्या भिंती, संपलं. नागपुरात बुद्धविहारांना तोटा नाही. वंदना म्हणत आणि पंचशील घेतच आम्ही दोघं मोठे झालो. पण काकूंचं प्रकरण वेगळं होतं. त्या फिजिओथेरपिस्ट. तरुणपणी नोकरीसाठी जपानला गेल्या आणि लोकांना गुडघ्यांचे व्यायाम शिकवता शिकवता तिथल्या एका मठात स्वतः मांडी घालून बसायला शिकल्या. परत आल्या त्या झेन घेऊनच. झेन म्हणजे काय असं विचारलं की म्हणायच्या, ‘बस, मग सांगते’, आणि बसल्यावर कधीच सांगायच्या नाहीत.

भिंतीकडे तोंड करून बसायचं. श्वास मोजायचे, एकपासून दहापर्यंत. मन भरकटलं की मुकाट परत एकवर यायचं. बैठक चालू असताना एक जण हातात चपटी लाकडी छडी घेऊन मागून सावकाश फिरत असतो. ज्याला पेंग येते, किंवा ज्याच्या डोक्यातलं चक्र थांबत नाही, तो हात जोडतो. मग छडीवाला वाकून नमस्कार करतो आणि त्याच्या खांद्यावर एक फटका देतो. लागत फारसं नाही, पण जाग येते. हात न जोडणाऱ्याला छडी लावायची नाही हा काकूंचा नियम, मग तो खुशाल घोरत का असेना. सुगतला त्याच्या आयुष्यातला पहिला फटका मीच दिला. नंतर खाली गिरणीपाशी त्यानं मला सांगितलं की तुझा नेम चांगला आहे, आणि चहा घेणार का असं विचारलं.

अडचण एकच होती, वेळेची. काकू रोज सकाळची चाळीस मिनिटं मागायच्या आणि आमच्या वयाच्या कुणाकडे ती नव्हती. कुणाची पाळी पहाटे सुटायची, कुणाचं बाळ तेव्हाच उठायचं, कुणी नोकरीपायी अमेरिकेच्या घड्याळावर जगत होतं. नवी मुलं उत्साहानं यायची, महिनाभर दिसायची, मग ‘काकू, जरा ॲडजस्ट करते’ म्हणून गायब व्हायची. काकूंनी बैठक छोटी करून पाहिली, संध्याकाळी ठेवून पाहिली, गिरणीच्या जिन्यात उभ्यानं श्वास मोजायला लावून पाहिलं. लोक जिन्यात फोन बघायचे.

मग विसावा आला.

विसावा म्हणजे बोराएवढी एक चकती, कानामागे चिकटवायची. तिच्यामागचं शास्त्र अवघड नाही. सुगतनं ते मला टपरीवर कागदी नॅपकिनवर चित्र काढून समजावलं होतं. मेंदूला काम नसलं म्हणून तो स्वस्थ बसत नाही. लिफ्टची वाट बघताना, दूध तापताना, सिग्नलला, मेंदूच्या मध्यावर मागच्या बाजूला असलेला एक भाग जागा होतो आणि आपल्या सोबत्यांना घेऊन विणकामाला बसतो. कालचं भांडण, उद्याची चिंता, कुणाचा तरी चेहरा, जे बोलायचं राहून गेलं ते बोलणं, असं काहीबाही विणत राहतो. जुने साधक वर्षानुवर्षं बसून या भागाला शांत करायला शिकतात. चकती ते काम बाहेरून करायची. मेंदूतले विजेचे बारीक चढउतार ती वाचायची, आणि मन भटकायला लागलंय असं दिसलं की ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी नेमक्या त्या भागावर सोडायची. इजा नाही, औषध नाही. तो भाग मंदावायचा आणि माणूस जिथे आहे तिथेच उरायचा, लिफ्टसमोर, दुधासमोर, सिग्नलला. अशा अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या फटी दिवसभरात कितीतरी असतात. संध्याकाळी चकती फोनवर कळवायची की आज तुमची दीड तास बैठक झाली.

ज्या पिढीला चाळीस मिनिटं काढता येत नव्हती तिला दीड तास बसून मिळाला, तोही उभ्या उभ्या. चकती कुणाला नको असणार?

विसावा बनवणाऱ्या कंपनीच्या मुलांनी यंत्राला शिकवलं ते आमच्याच बैठकघरात. काकूंच्या आणि जुन्या साधकांच्या डोक्यांवर तारांच्या टोप्या चढवल्या. लक्ष श्वासावर असलं की पडद्यावर हिरवा ठिपका, भटकलं की लाल. यंत्राला सांगितलं की लाल म्हणजे चूक. मला टोपी घातली नाही, कारण कवटीत लोहचुंबक आणि तारा असलेल्या माणसाला विसावा चालत नाही. ते खोक्यावरच छापलेलं असतं. सगळ्यांना माझ्याबद्दल वाईट वाटलं. मी ऐटीत म्हटलं की राहू द्या, मला शांतता लहानपणापासून फुकट आहे. खरं तर कान काढून ठेवला की माझं डोकं दुप्पट बोलतं, पण ते तेव्हा कशाला सांगा.

विमलआई गेल्या त्या एका दुपारी, घरात एकट्या असताना. मी वैनगंगेवर होते. जाण्याआधी त्यांनी सुगतला दोनदा फोन केला होता. तो एका विमानातल्या मालाचं वजन जुळवत होता. त्यानं नाव पाहिलं आणि फोन उलटा ठेवला. त्याला वाटलं, सहज केला असेल.

त्यानंतरचे महिने वाईट होते. तो फ्रिज उघडून तसाच उभा राहायचा. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलायची नाही, मागचे हॉर्न मारून थकायचे. जेवताना मध्येच फोन काढून ते दोन मिस्ड कॉल मला दाखवायचा, जणू मी पाहिलेच नव्हते. मी जवळ घेतलं की अंग चोरायचा. एक दिवस मी बैठकघरातून चकती आणली आणि माझ्या हातानं त्याच्या कानामागे चिकटवली. पंधरवड्यात तो नीट जेवायला लागला. महिन्यानं कशावर तरी हसला, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या चकतीचे माझ्यावर उपकार आहेत हे मी आजही म्हणेन.

बघता बघता शहरात ज्याच्या त्याच्या कानामागे चकती आली. फायदे दिसत होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. रस्त्यावरची शिवीगाळ कमी झाली. ऑफिसात लोक एकमेकांचं पूर्ण ऐकून घ्यायला लागले. भाजीवाल्याशीसुद्धा मंडळी इतक्या शांतपणे बोलायची की तोच बिचकायचा. फक्त माझा फोन वाजेनासा झाला. आधी मला वाटलं कानावरच्या यंत्रात बिघाड आहे, मग वाटलं फोनमध्ये. दुकानदारानं तपासून सांगितलं, मॅडम, फोन ठीक आहे, तुम्हाला कुणी करतच नाहीये.

मी केला की सगळ्यांना आनंद व्हायचा, अगदी मनापासून. मावसबहीण, कॉलेजातल्या मैत्रिणी, सगळे भरभरून बोलायचे. स्वतःहून मात्र कुणी करत नव्हतं. माझंच काही चुकलंय असं धरून मी वर्षभर झुरले. मग एकदा पारमितानं, म्हणजे माझ्या सगळ्यांत जुन्या मैत्रिणीनं, बोलता बोलता सांगून टाकलं. ‘तू बोलायला लागलीस की सगळं आठवतं गं,’ ती म्हणाली. ‘पण एरवी कुणी येतच नाही डोक्यात. इतकं मोकळं वाटतं.’

घरी जाताना मी तो जुना नॅपकिन डोळ्यांसमोर आणला. कुणाचा तरी चेहरा विणणारा भाग. आपण मुद्दाम काढलेली आठवण मेंदूतल्या दुसऱ्या वाटेनं येते, त्या वाटेला विसावा हात लावत नव्हता. पण दूध तापताना उगाच कुणीतरी मनात येतं, आणि हात फोनकडे जातो, ते सगळं त्या मंदावलेल्या भागाचं काम होतं. म्हणजे शहरात सगळ्यांना सगळे आठवत होते, फक्त कुणाला कुणाची आठवण येत नव्हती. मला येत होती. सगळ्यांची, दिवसभर.

तेव्हाही मी स्वतःची समजूत घातली की सुगतचं तसं नसेल. नवराच तो.

उन्हाळ्यात मला सिरोंच्याला जावं लागलं. प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे पुराची पातळी मोजणारी नवी यंत्रं बसवायची होती. दोन महिन्यांचं काम, विश्रामगृहात एकटीची खोली, बाहेर पाय भाजतील अशी वाळू. सुगत रोज संध्याकाळी फोन करायचा. जेवलीस का, ऊन किती आहे, पाणी पीत जा. मी दिवसभर त्या फोनसाठी गोष्टी साठवून ठेवायचे. वाळूत सापडलेलं कासव, मराठी आणि तेलुगू एका वाक्यात बोलणारा आचारी. खोटं कशाला सांगू, लग्नानंतर इतकी सुखात मी तेव्हाच होते. पारमिताचं ते तिच्यापाशी, असं मला वाटायचं.

एका संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काळजीनं मीच केला. तो मजेत होता, माझा आवाज ऐकून खूश झाला. कामात होतास का, मी विचारलं. नाही गं, तो म्हणाला, नवा फोन घेतला, त्यात जुना रिमाइंडर आलाच नाही. मला कळलंच नाही बघ. त्याच्या आवाजात चोरटेपणा नव्हता. घड्याळाचा सेल संपला हे सांगावं तसं त्यानं सांगितलं. लावतो परत, असंही म्हणाला. मी म्हटलं, नको लावूस. त्यानं बरं म्हटलं.

मग मी वाट पाहायला लागले. ठरवलं होतं की आपण करायचा नाही. हा पोरकटपणा आहे हे मला कळत होतं. पण मला एकदाच, फक्त एकदा, त्याच्या मनात आपणहून यायचं होतं. दुपारी तंबूत डबा खाताना मला उचकी लागायची. विमलआई म्हणायच्या की कुणी आठवण काढली की उचकी लागते. एकेकाचं नाव घे, खऱ्या माणसापाशी थांबेल. लगेच पुढे म्हणायच्या, हे सगळं थोतांड आहे, आपल्यात मानत नाहीत, पण नाव घे. मी नाव घ्यायचे. सुगत म्हणून पाणी प्यायचे. उचकी थांबली की ती पाण्यानं थांबली हे मला ठाऊक असायचं. काम संपेपर्यंत त्याचा फोन आला नाही.

परत आले तेव्हा त्यानं दार उघडलं, तोंडभर हसला, बॅग घेतली, चहा टाकला. मी उंबऱ्यातच विचारलं की या दिवसांत तुला माझी आठवण आली का. तो खोटं बोलत नाही, हा त्याचा गुण मला त्या क्षणी नकोसा झाला.

‘तू विचारून राहिली तर आता येत आहे,’ तो गोंधळून म्हणाला. ‘एरवी... नाही आली बहुतेक. काऊन? काही झालं का?’

काही नाही म्हटलं. चहा चांगला झाला होता. तो उकळेपर्यंत सुगत ओट्याशी उभा होता, चेहऱ्यावर लहान मुलासारखी शांतता, आणि त्याच्या मागे दोन पावलांवर मी होते. घरात इतकं एकटं मला आई गेल्या तेव्हाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मी फुलझेले काकूंकडे गेले. बैठकघरात चार म्हातारी माणसं उरली होती. तरुणांची बैठक आता लिफ्टमध्ये होत होती. काकूंच्या कानामागे चकती नव्हती. एवढ्या वर्षांची सवय, मला कशाला पाहिजे, असं म्हणून त्यांनी ती कधी लावलीच नाही. मी सगळं सांगितलं. त्या गुडघा चोळत ऐकत राहिल्या.

‘चूक आमची आहे,’ त्या म्हणाल्या. ‘त्या पोरांनी विचारलं, काकू, मन भटकलं म्हणजे वाईट नं? मी हो म्हणाली. सवयीनं म्हणाली. बैठकीत आपण मनाला परत आणतो. पण परत यायला आधी ते जायला पाहिजे नं, बाप्पा. त्यांच्या यंत्रानं जाणंच बंद करून टाकलं. हे आमच्यासारख्या बसणाऱ्या लोकांशिवाय कोणाले सुचलं नसतं.’

मी विचारलं, त्याला काढायला सांगू का? माझ्या एका शब्दावर तो काढेल हे मला माहीत होतं. आणि काढली की पहिली कोण येईल हेही माहीत होतं. मी येणार नव्हते. फ्रिजसमोरचा तो उभा माणूस, ते दोन मिस्ड कॉल, ते सगळं त्याच्यावर पुन्हा लादायचं, आणि कशासाठी, तर मला एक फोन यावा म्हणून.

काकूंनी भिंतीवरच्या छडीकडे पाहिलं. ‘त्यानं हात जोडले का?’ त्यांनी विचारलं.

मला राग आला. ज्याला आपण झोपलोय हेच कळत नाही तो हात जोडणार कसा, असं मी बरंच मोठ्यानं बोलले. खाली गिरणी चालू होती म्हणून बरं. काकूंनी माझं म्हणणं मान्य केलं. पण नियम बदलला नाही.

मी त्याला काही सांगितलं नाही. रोज चहा प्यायले, रोज बोलले, रविवारी पूर्वीसारखी बैठकीला जायला लागले. माणूस समोर असताना त्याची आठवण येत राहणं हा एक विचित्र त्रास आहे, आणि तो कुणाला सांगायची सोय नाही.

मग विमलआईंचा वाढदिवस आला. तो सुगतच्या नव्या फोननं त्याला सांगितला. तो रिमाइंडर बरोबर आला होता. संध्याकाळी मी घरी आले तर तो स्वयंपाकघरात आईंचा मोबाइल हातात धरून बसलेला. त्यात त्यांचे फोटो होते, गोरेवाड्याच्या सहलीचे, आमच्या लग्नाचे. तो एकेक फोटो सरकवत होता, आणि चेहरा तोच, शांत.

‘मला सगळं आठवते,’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला. ‘तिचा आवाज, साडीचा रंग, सगळं. पण तिला मी शेवटचा कधी... ती आपली आपण कधी आली, ते आठवत नाही. दोन वर्षांत एकदाही नाही आली का गं?’

मी त्याच्या शेजारी बसले.  त्यानं फोन जागेवर ठेवला, चार्जरची पिन नीट लागलीय ना ते पाहिलं.

पुढच्या रविवारी बैठकीत छडीची पाळी माझी होती. मी कान काढून डबीत ठेवला होता, त्यामुळे दार उघडलेलं मला ऐकू आलं नाही. दोन फेऱ्या झाल्यावर लक्षात आलं की चाराऐवजी पाच पाठी आहेत. शेवटची पाठ सुगतची होती. किती वर्षांनी तो त्या चटईवर बसला होता. मी जवळ पोचले तशी त्याची मान हलली आणि त्यानं हात जोडले. उन्हानं रापलेल्या त्याच्या कानामागे एक गोल, पांढुरका डाग होता. चकती नव्हती.

मी छडी घेऊन उभीच राहिले. तो काय मागत होता हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, आणि ते मला हवं होतं म्हणूनच माझा हात उचलेना. शेवटी मी वाकून नमस्कार केला आणि फटका दिला. तो तसाच बसून राहिला. काकू नंतर म्हणाल्या की छडी फार हलकी पडली.

त्यानंतर काहीच झालं नाही. मंदावलेल्या भागाला पुन्हा सवय लागायला वेळ लागतो. किती, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं, कारण चकती काढणारे फार कमी होते. सुगत कामावर जायचा, यायचा. कधी सिग्नलला जरा जास्त वेळ समोर बघत बसायचा. झोपेत कूस बदलायला लागला. मला कामाच्या जागी त्याचा फोन आला नाही. मी दर थोड्या वेळानं फोन बघायचे आणि स्वतःवर चिडायचे.

एका दुपारी मी सुट्टी घेऊन घरी होते. स्वयंपाकघरातच भिंतीकडे तोंड करून बसले होते, कानाचं यंत्र आतल्या खोलीत, डबीत. श्वास चारच्या पुढे जात नव्हता. डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. आईंचा मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकून थरथरत होता. ओटीपी असेल, असू दे, असं म्हणून मी परत एकवर आले. पण थरथर थांबेना. डबा सरकायला लागला. उठून पाहिलं तर पडद्यावर सुगतचा लहानपणीचा फोटो आणि खाली आईंनी सेव्ह केलेलं नाव, बाबू.

मला एका क्षणात सगळं कळलं. तो कुठेतरी जिन्यात किंवा लिफ्टसमोर उभा होता, हाताला काम नव्हतं, आणि आई आली होती. बोटांनी तिचा नंबर लावला होता. सिरोंच्याच्या वाळूत मी ज्या फोनची वाट पाहिली तो हाच होता, आणि तो माझ्यासाठी नव्हता. मला मेलेल्या बाईचा मत्सर वाटला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मग मी आतल्या खोलीत धावले, डबी उघडली, यंत्र कानावर बसवलं, आणि ते चालू होऊन जगाचा आवाज यायच्या आत फोन थरथरायचा थांबला.

मी फोन दोन्ही हातांत धरून ओट्याशी उभी राहिले. त्यानं आता परत करू नये असंही वाटलं. त्याला दोन मिस्ड कॉल आठवतील, तो तिथेच कोसळेल, आणि मी इथे असेन. तेवढ्यात फोन दुसऱ्यांदा वाजला, आणि या वेळी मला ऐकू आला. आईंची ती जुनी, कर्कश रिंगटोन मी दोन वर्षांत विसरून गेले होते.

मी उचलला.

 पलीकडे लांब कुठेतरी विमान धावपट्टीवर वळत होतं.

‘उत्पला?’ सुगत म्हणाला. त्याचा आवाज ओला होता.

‘हो.’

‘कोणी उचलेल असं वाटलं नव्हतं.’

‘चार्जिंगला होता,’ मी म्हटलं. मग विचारलं, ‘काय झालं?’

‘काही नाही,’ तो म्हणाला, आणि मला त्याचं रडणं ऐकू यायला लागलं, न थांबणारं, दोन वर्षांचं साठलेलं. ‘सहज केला होता.’

मी बरं म्हटलं. त्यानं ठेवू नको म्हटलं, मी नाही ठेवत म्हटलं. कुकर लावला नव्हता, तरी मी गॅसपाशी जाऊन उभी राहिले आणि फोन कानाला धरून नुसती तिथे राहिले.